ढाक्याची शिलाई आणि बँकेचा कागद

सुईदोरा | विभाग: अर्थकारण | ७ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं आणि माझा फोन पुन्हा वाजायला लागला. तिरुपूरचे जुने ओळखीचे, सोलापूरचा मावसभाऊ, पुण्यातला एक माजी सहकारी. सगळ्यांचा प्रश्न एकच: "तू ढाक्याला होतास ना? आता ऑर्डरी सगळ्या तिकडेच जाणार का रे?" बांगलादेशवर २० टक्के, आपल्यावर ५०, म्हणजे प्रश्न रास्तच आहे. डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याने. "त्यांचं काय, मजुरी फुकट."

मी २००९ ते २०१८ ढाक्यात मर्चंडायझर होतो. राहायला उत्तरा भागात, दिवस जायचा गाझीपूर आणि आशुलियाच्या कारखान्यांत. मर्चंडायझर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परदेशी गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाणारा पगारी माणूस.

मजुरी स्वस्त होती, नाही म्हणत नाही. पण स्वस्त मजुरी नेपाळात होती, म्यानमारमध्ये होती, आपल्या बिहारमध्ये होती. तिथे का नाही उभे राहिले तीन-चार हजार शिलाई कारखाने? शिवाय बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. १९७१ नंतर त्या देशाकडे विकायला होता ताग, आणि तागाचे दिवस प्लास्टिकने संपवत आणले होते. कापूस नाही, भांडवल नाही, बंदर उथळ, वीज येऊन-जाऊन. अशा देशाने २०२४-२५ मध्ये ३९ अब्ज डॉलरचे तयार कपडे बाहेर पाठवले. आपण त्याच वर्षी सुमारे १६ अब्ज. कापूस आपला, सूत आपलं, माणसं आपली त्यांच्या आठपट!

याची सुरुवात फार मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात अमेरिका-युरोपने मोठ्या निर्यातदार देशांना कपड्यांचा कोटा ठरवून दिला होता (मल्टी फायबर ॲरेंजमेंट, १९७४). कोरियाचा कोटा भरला. ऑर्डरी हातात आहेत पण कोरियातून पाठवता येत नाहीत, अशी देवू कंपनीची पंचाईत. कोटा न लागलेला देश शोधता शोधता ते ढाक्याला पोचले. तिथे नुरुल कादेर नावाचे एक निवृत्त सनदी अधिकारी कारखाना काढायच्या खटपटीत होते. १९७८ मध्ये करार झाला, कंपनीचं नाव देश गारमेंट्स, कारखाना चितगावला. कादेर यांनी १३० माणसं सहा महिन्यांसाठी बुसानला पाठवली, देवूच्या कारखान्यात शिकायला. त्यांत बायकाही होत्या. १९८० साली, पहिल्या वर्षी, त्यांनी ४३,००० शर्ट विकले. मिळाले ५५ हजार डॉलर. हसू येईल असा आकडा.

पुढे काय झालं? त्या १३० पैकी ११५ जण दहा वर्षांच्या आत देश गारमेंट्स सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीच्या दृष्टीने हा डोक्याला ताप, देशाच्या दृष्टीने लॉटरी. मी काम करायचो तेव्हाही एखादे म्हातारे जनरल मॅनेजर भेटले की बाकीचे हळूच सांगायचे, "यांचे उस्ताद कोरियाला जाऊन आलेले."

पण नुसतं शिलाई येऊन भागत नाही. कापड कोण देणार? शंभर रुपयांच्या शर्टात साठ-पासष्ट रुपयांचं कापड असतं. ते चीन-कोरियाहून आणायचं तर डॉलर हवेत, वर आयातशुल्क हवं. इथे देश गारमेंट्सने सरकारच्या मागे लागून दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या, आणि माझ्या मते सगळा खेळ इथे फिरला.

पहिली बाँडेड गोदाम. निर्यातीसाठी आणलेलं कापड शुल्क न भरता कारखान्याच्याच आवारातल्या गोदामात ठेवायचं. किती मीटर आलं, किती कापलं, किती पीस गेले, याची पासबुकात नोंद. माल बाहेर गेला की हिशेब मिटला. आधी पैसे भरा आणि मग परताव्यासाठी खेटे घाला, हा प्रकार नाही.

दुसरी बॅक-टू-बॅक एलसी. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: माल पाठवल्याचे कागद दाखवले की पैसे मिळतील, ही बँकेची हमी. गिऱ्हाइकाने तुमच्या नावाने एलसी उघडली की तुमची बँक तीच तारण धरून कापडवाल्याच्या नावाने दुसरी एलसी उघडते. कापडवाल्याला पैसे मिळणार १२० किंवा १८० दिवसांनी. तोवर तुम्ही शर्ट शिवून पाठवलेले असतात, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असतात, त्यातूनच बँक कापडवाल्याचं भागवते आणि उरलेलं तुमच्या खात्यात टाकते. म्हणजे खिशात कापडाचे पैसे नसलेला माणूस निर्यातदार होऊ शकतो. जागा भाड्याची, मशिनं हप्त्याची, कापड गिऱ्हाइकाच्या एलसीवर. मालकाला स्वतःचा पैसा लागतो तो पगाराला आणि वीजबिलाला.

हे ऐकायला कोरडं वाटेल, पण गाझीपूरमध्ये मी असे मालक पाहिले ज्यांची सुरुवात चार लायनींपासून झाली होती. एक लाइन म्हणजे तीसेक मशिनं.

त्याच काळात आपण काय करत होतो? कपडे शिवणं लघुउद्योगासाठी राखीव ठेवलं होतं. मोठा कारखाना काढायचा तर अटींचं लचांड. ते आरक्षण उठलं २००० च्या वस्त्रोद्योग धोरणात, आणि होजियरीचं तर २००५ मध्ये, म्हणजे जागतिक कोटा संपला त्याच वर्षी. शर्यत सुटल्यावर बुटाच्या नाड्या बांधायला बसलो.

आता उलटी बाजू. २०२४-२५ मध्ये बांगलादेशच्या एकूण निर्यातीत कपड्यांचा वाटा ८१ टक्के. त्याखाली चामडं, ताग, कोळंबी, औषधं, सगळी किरकोळ. एका पायावर उभा असलेला देश किती लटपटतो ते मी जानेवारी २०१५ मध्ये पाहिलं. विरोधी पक्षाने वाहतूक बेमुदत अडवली होती, हायवेवर ट्रकांवर पेट्रोल बाँब पडत होते. माझे १८,००० पोलो शर्ट कार्टनमध्ये बंद, चितगावला फीडर बोट (मोठ्या जहाजापर्यंत माल नेणारी छोटी बोट) गाठायची. ट्रक रात्री पोलीस आणि सीमा दलाच्या पहाऱ्यात ताफ्याने सोडायचे. आमचा ट्रक कांचपूर पुलाशी दोन रात्री रांगेत. ड्रायव्हरने काचेसमोर ओलं गोणपाट बांधलं होतं आणि पाहायला तेवढीच फट ठेवली होती. तिसऱ्या रात्री सुटला. बोट गेलेली. गिऱ्हाइकाचा मेल एका ओळीचा: एअरने पाठवा, खर्च तुमचा. पोलोची शिलाई डझनाला आठ डॉलर धरली होती, म्हणजे पीसमागे सदुसष्ट सेंट. विमानभाडं पीसमागे नव्वदच्या वर गेलं. मालक माझ्यासमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसला, तीनदा तेच उत्तर आलं, मग त्याने चहा मागवला.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगतो. ढाक्याच्या बिर्याणीवर मात्र दुसरा धागा काढा.

---

टग्या | ७ सप्टेंबर, रात्री १०.०५

पहिला! धाग्याचा विषय धागा, काढणारा सुईदोरा. संपादकांनी बक्षीस द्यावं.

बाकी साहेब, कागदबिगद ठीक आहे हो. पण तिथे किमान पगार किती ते लिहिलंच नाही तुम्ही. सोयीस्कर विसरलात?

---

सुईदोरा | ७ सप्टेंबर, रात्री १०.३०

विसरलो नाही, लांबण लागली म्हणून सोडलं. नवीन कामगाराचा किमान पगार २०१० मध्ये ३,००० टाका (तिथलं चलन), २०१३ मध्ये ५,३००, २०१८ च्या शेवटी ८,००० आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टाका. आजच्या भावाने आपले नऊ हजारांच्या आसपास. यातली प्रत्येक वाढ रस्त्यावर उतरून मिळवलेली आहे, कुणी आपणहून दिलेली नाही. २०२३ च्या आंदोलनात तर कामगार मेलेही.

स्वस्तच आहे. माझं म्हणणं एवढंच, की स्वस्त मजूर असून ऑर्डर न मिळालेले देश ढीगभर आहेत.

---

रमाकाकू | ८ सप्टेंबर, सकाळी ७.१५

लेख आवडला, पण एक विचारते. एवढा सगळा इतिहास सांगितलात आणि राणा प्लाझाचा उल्लेखही नाही? २४ एप्रिल २०१३. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, मुलांना तो फोटो दाखवायचं धाडस झालं नव्हतं. अकराशेच्या वर माणसं गेली आणि तुम्ही कॅल्क्युलेटर आणि चहा सांगताय.

---

सुईदोरा | ८ सप्टेंबर, दुपारी १.२०

काकू, बरोबर बोललात. टाळलं मी. आता लिहितो.

१,१३४ माणसं. ढाक्याजवळच्या सावर गावातली आठ मजली इमारत. आदल्या दिवशी खांबांना तडे गेले होते, टीव्हीवर दाखवले होते. खालच्या मजल्यावर बँक होती, दुकानं होती. बँकेने माणसं घरी पाठवली. वरच्या मजल्यांवर पाच शिलाई कारखाने होते, त्यांनी सकाळी सगळ्यांना कामावर चढवलं. वीज गेली, गच्चीवरचे आणि मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि नवाच्या सुमारास इमारत बसली. बेकायदा चढवलेले मजले, कचेऱ्यांसाठी बांधलेल्या जागेत मशिनं. त्याच्या पाचच महिने आधी, २४ नोव्हेंबर २०१२ ला, ताझरीन कारखान्याच्या आगीत किमान ११२ जण गेले होते.

माझं सांगतो. ताझरीनच्या आधीच्या उन्हाळ्यात मी एका कारखान्यात (नाव लिहीत नाही) ऑर्डर टाकण्यापूर्वीच्या पाहणीला गेलो होतो. मागच्या जिन्यात छातीपर्यंत कार्टन रचलेली. मी म्हटलं, हे हलवा. मॅनेजर म्हणाला, "संध्याकाळी गाडी भरली की रिकामं होईल, भाई." मी फॉर्मवर जिना मोकळा असल्याची खूण केली आणि निघालो. ती कार्टनं माझ्याच आधीच्या ऑर्डरची होती. त्या कारखान्याला काही झालं नाही. पण ती खूण मी केली होती.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये गिऱ्हाईक कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात ॲकॉर्ड नावाचा करार झाला आणि तो कायद्याने बांधणारा होता. त्याआधीचे सगळे ऑडिट म्हणजे सत्यनारायण: पूजा झाली, प्रसाद खाल्ला, घरी गेले. ॲकॉर्डचे इंजिनियर खांबाला हातोडी लावून, स्कॅनर लावून बघायचे. आगीचे दरवाजे, स्प्रिंकलर, मजल्यावरचं वजन. दुरुस्ती केली नाही तर करारातल्या कुठल्याच कंपनीची ऑर्डर नाही. छोटे कारखाने पुष्कळ बंद पडले. भाड्याच्या जागेत चार लायनी टाकून मालक होण्याचा रस्ता तिथे जवळपास संपला. त्याचं वाईट वाटावं की बरं, हे मला आजही ठरवता येत नाही.

---

रमाकाकू | ८ सप्टेंबर, दुपारी ३.०२

लिहिलंत, हे बरं केलंत.

---

काटेकोर | ८ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

दोन दुरुस्त्या.

१. बांगलादेशच्या निर्यातीच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये त्यांच्याच मध्यवर्ती बँकेने दाखवून दिलं की निर्यात प्रोत्साहन विभाग एकच माल दोनदोनदा मोजत होता. फरक दहा अब्ज डॉलरहून जास्त निघाला.

२. "आधी भरा, मग खेटे घाला" ही आपल्याकडची पूर्ण गोष्ट नाही. ड्यूटी ड्रॉबॅकबरोबर (भरलेलं शुल्क निर्यातीनंतर परत) आपल्याकडे ॲडव्हान्स लायसन्सही होतं, त्यात शुल्क न भरता कच्चा माल आणता यायचा. बँकांचं पॅकिंग क्रेडिटही (माल पाठवण्याआधी मिळणारं कर्ज) होतं. सोय दोन्हीकडे होती.

---

सुईदोरा | ८ सप्टेंबर, रात्री ९.१०

पहिली दुरुस्ती मान्य. मी दिलेला ३९ अब्जचा आकडा त्या घोटाळ्याची साफसफाई झाल्यानंतरच्या वर्षाचा आहे, म्हणून तोच घेतला. आधीच्या वर्षांचे मुद्दाम दिले नाहीत.

दुसरी अर्धी मान्य. सोय होती. पण कशी? आपल्याकडे लायसन्स सरकारी टेबलावरून यायचं. एका पीसला किती कापड लागतं हे टेबलापलीकडच्या ज्या माणसाला पटवायचं, त्याने आयुष्यात मार्कर (कापडावर तुकडे कसे बसवून कापायचे त्याचा आराखडा) बघितलेला नसायचा. तिथे हे काम निर्यातदारांच्या संघटनेकडेच दिलं, बीजीएमईएकडे. त्या कापडवापराच्या दाखल्याला यूडी (युटिलायझेशन डिक्लरेशन) म्हणतात. डझनाला किती मीटर, कटिंगमध्ये वाया किती, हे धंद्यातल्याच माणसाला समजतं. आमचा कमर्शियलचा पोरगा सकाळी फाइल घेऊन जायचा आणि कागद घेऊन परत यायचा.

चोरी व्हायची का? भरपूर. डझनाला दोन मीटर जास्त दाखवायचे आणि वाचलेलं बाँडचं कापड जुन्या ढाक्यात इस्लामपूरच्या बाजारात विकायचं. इस्लामपुरात तागे मोजता मोजता व्यापारी हसत सांगायचे, हे कापड कुठून आलं ते विचारू नका. तिथले स्थानिक कापड गिरणीवाले याच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण कागद धंद्याच्या वेगाने हलला. आपल्याकडे चोरी थांबवण्याच्या नादात धंदाच थांबवायची जुनी खोड.

---

खर्चीवाला | ९ सप्टेंबर, सकाळी ११.३०

इचलकरंजीतून लिहितोय. सुईदोरा, लई भारी लिहिलंय भावा. पण तुमच्या कथेत आमी कुठाय? सांगतो.

ढाक्यात जो टी-शर्ट शिवतात त्याचं सूत बऱ्याच वेळेला भारताचं असतंय. भारताच्या सुती धाग्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच. खानदेश-विदर्भाचा कापूस, त्याचं सूत, आणि ते चाललं बेनापोलला, त्यांच्या सीमेवरच्या नाक्याला. म्हणजे ढाक्याची भरभराट झाली तर आमच्या पावण्याच्या सूतगिरणीची पण होत होती. लोकांना वाटतंय ते आपले वैरी. अर्धं गिऱ्हाईकच हाय ते आपलं.

आता ह्या वर्षी काय झालं बघा. एप्रिलात आपण त्यांचा माल आपल्या विमानतळावरनं बाहेर पाठवायची सवलत काढली. त्याच महिन्यात त्यांनी सूत जमिनीच्या नाक्यांवरनं घ्यायचं बंद केलं, समुद्रातनंच या म्हणाले. मेमध्ये आपण म्हटलं, तुमचे कपडे आता नाक्यावरनं नाही, फक्त न्हावा-शेवा नाहीतर कोलकात्याच्या बंदरातनं. ट्रकनं चार-पाच दिवसात जाणारं सूत आता बोटीनं. पावणा म्हणतोय, भाडं सोडा, पैसे अडकून पडत्यात त्याचं काय. दोघांनी एकमेकांची खोड मोडली आणि पाय आमचा मोडला.

मी स्वतः खर्चीवाला. माझ्याकडं ना कापूस ना सूत, दुसऱ्याचं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) घ्यायचं आणि मीटरमागं मजुरी घ्यायची. बँकेत गेलो तर मॅनेजर पहिला प्रश्न विचारतोय, "जागेचा सातबारा आहे का?" तुमची ती एलसी तारण धरणारी बँक इचलकरंजीत कधी आली तर कळवा.

---

सोलापुरी_कडक | ९ सप्टेंबर, दुपारी २.१५

खर्चीवाले, सातबारा तरी विचारला की ओ. आम्हाला आधी सोनं विचारलं.

आमचा टॉवेलचा कारखाना, वडिलांच्या वेळचा. अमेरिकेला थेट माल जात नाही आमचा, मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत जातो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा फोन, "कटिंग थांबवा." रंगवलेला माल तसाच गठ्ठे बांधून पडलाय. हॉटेलचे पांढरे टॉवेल असते तर इथे विकले असते. कडेला त्यांचा लोगो विणलाय, घेणार कोण?

तरी सुईदोरांना एक शंका. सोलापुरात हजारो बायका आजही घरी बसून विड्या वळतात. मान मोडून दिवसाला हजार विडी. सूपात पानं, तंबाखू, कात्री, सगळं मांडीवर. शिलाईचे मोठे कारखाने इथे निघाले असते तर त्या बायका तिथे आल्या असत्या का? माझ्या आईचं मत नाही म्हणून. विडी घरी बसून होते, पोरं डोळ्यासमोर राहतात. कारखान्यात जायचं तर सकाळी आठला घर सोडायचं.

---

सुईदोरा | ९ सप्टेंबर, रात्री १०.००

सोलापुरी, तुमच्या आईचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. ढाक्यालाही सुरुवातीला हेच म्हणत होते, बाईमाणूस कारखान्यात कसं जाईल. गेली ती गरजेपोटी. एकेकाळी कामगारांत ऐंशी टक्के बायका होत्या. आज एकूण चाळीस लाखांच्या आसपास कामगार आहेत, बायकांचा वाटा मात्र घसरलाय. कारण जुनंच आहे. नवीन स्वयंचलित मशिनं आली की ट्रेनिंगला आधी पुरुषांना पाठवतात. आणि तिशी उलटली, दोन पोरं झाली की बाई गावी परत.

फ्लोअरवर कसं असतं ते सांगतो. लाइनच्या तोंडाशी पांढरा फळा. त्यावर तासाचं टार्गेट, समजा १२०. खाली ८ ते ९: ९८, ९ ते १०: १११, असं लिहीत जायचं. कमी आकडा लाल. सुपरवायझर लाल पेन खिशात घेऊनच फिरतो. आणि सुई तुटली की वेगळाच सोहळा. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे सापडलेच पाहिजेत, कारण एखादा तुकडा लहान मुलाच्या कपड्यात राहिला तर संपलं. मशीन बंद, लोहचुंबक घेऊन जमिनीवर शोधाशोध. तुकडे मिळाले की रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, मशीन नंबर लिहून चिकटपट्टीने जोडून चिकटवायचे, अख्खी सुई दिसली पाहिजे. मगच नवीन सुई. एका आपाच्या (तिथे कामगार बायकांना आपा म्हणतात) सुईचं टोक चाळीस मिनिटं सापडेना. ती रडायला लागली, फळ्यावरचा आकडा तिच्यामुळे लाल होणार म्हणून. टोक निघालं तिच्याच ओढणीत.

दुपारी एकला फाटक उघडलं की गल्ली दुथडी भरून वाहायची, हातात डबे, पायात प्लास्टिकच्या चपला. तेवढा एक तास गल्लीत रिक्षा शिरत नसे.

---

अनुजा_लेस्टर | १० सप्टेंबर, पहाटे ३.२०

वाचतेय. इथे इंग्लंडमध्ये मुलांचे शाळेचे कपडे घ्यायला गेलं की निम्म्या लेबलांवर बांगलादेश असतं. आमच्याकडे आता भारताशी करार झालाय जुलैत, म्हणजे पुढे भारताचा माल करमुक्त होईल म्हणतात. मग बांगलादेशचं काय? आणि ते "अल्पविकसित" यादीतून बाहेर पडणार म्हणजे नक्की काय होणार?

---

सुईदोरा | १० सप्टेंबर, दुपारी १२.४०

थोडक्यात: अल्पविकसित देश म्हणून त्यांना युरोपात शुल्क शून्य, आपल्याला नऊ ते बारा टक्के. त्या यादीतून ते २४ नोव्हेंबर २०२६ ला बाहेर पडणार असं ठरलंय. युरोप पुढे तीन वर्षं सवलत चालू ठेवणार आहे. त्यानंतरची सवलत मिळवायची तर कापडही तिथलंच हवं, नुसती शिलाई चालणार नाही. टी-शर्टवाले तरतील, कारण निटिंग-डाइंग (कापड विणणं-रंगवणं) त्यांनी घरात उभं केलंय. शर्ट-पँटवाल्यांचं बरंचसं कापड अजून चीनचं. तिथे खरी परीक्षा.

तुमच्याकडचा करार सह्या होऊन पडलाय, लागू व्हायचाय. तोवर लेबलं तीच.

---

वरुडकर | १० सप्टेंबर, रात्री ८.०५

नमस्कार. मी कपड्यातला माणूस नाही, संत्र्यातला. वरुड, जिल्हा अमरावती.

भाऊ, बांगलादेश म्हणजे आमच्यासाठी शर्ट नाही, संत्र्याचं गिऱ्हाईक. आमचा माल इथून ट्रकने थेट पेट्रापोल-बेनापोल. मग त्यांनी संत्र्यावरची ड्यूटी दरवर्षी वाढवत नेली, २०२३ मध्ये किलोले ८८ रुपये झाली. जेवढ्याचं संत्र नाही तेवढी ड्यूटी! भाव एवढा पडला की तोडायची मजुरी निघेना, लोकांनी बगीचे तसेच सोडले. त्या हिवाळ्यात सरकारने निम्म्या ड्यूटीचं अनुदान जाहीर केलं, ते कोणाले किती भेटलं तो वेगळा धागा होईल.

मले कळत नाही ते एवढंच. आपल्याकडून सूत घेतात, कांदा घेतात, मग संत्र्यावरच राग काहून?

---

काटेकोर | १० सप्टेंबर, रात्री ८.५०

राग नाही, डॉलर. निर्यातीचे डॉलर कमी पडायला लागले की सरकार आधी "चैनीच्या" वस्तूंवर शुल्क वाढवतं. तिथे फळं त्या यादीत बसली. सूत बंद केलं तर कारखाने बंद पडतील, संत्र बंद केलं तर कुणी ओरडत नाही. निदान ढाक्यात नाही.

---

खर्चीवाला | १० सप्टेंबर, रात्री ९.१५

वरुडात ओरडत्यात की.

---

सुईदोरा | १० सप्टेंबर, रात्री ११.२५

वरुडकर भाऊ, काटेकोरांनी सांगितलं तेच कारण. माझ्याकडून वेगळी एक आठवण.

उत्तराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळवाला हातगाडी लावायचा. डिसेंबर-जानेवारीत त्याच्याकडे "इंडियन कमला" यायची. तिथे संत्र्याला कमला म्हणतात. एकदा त्याने रिकामा खोका उलटा करून त्यावर वजनकाटा ठेवला होता आणि खोक्याच्या बाजूला देवनागरीत छापलेलं "वरुड". नऊ वर्षांत त्या गल्लीत देवनागरी अक्षर तेवढंच पाहिलं. मी त्याला म्हटलं, हे माझ्या राज्यातलं गाव. तो म्हणाला, मग तुम्हाला हे फुकट मिळत असेल. दोन किलोचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

---

वरुडकर | ११ सप्टेंबर, सकाळी ६.३०

खोका लाकडी होता की पुठ्ठ्याचा? आमचे व्यापारी आता बांगलादेशसाठी प्लास्टिकचे क्रेट वापरतात, लाकडी असेल तर जुनी गोष्ट आहे.

यंदा आंबिया बहार बरा दिसून राहिला, पण फळगळ आहे. दिवाळीनंतर तोड. तुमच्या जुन्या ओळखीत बॉर्डरवरचं, ड्यूटीचं काही कानावर आलं तर इथेच टाका. व्यापारी सौद्याला येतो तेव्हा तो सांगेल तेच खरं धरावं लागते आम्हाले.

---

सुईदोरा | ११ सप्टेंबर, सकाळी ९.५०

लाकडी होता. फळ्यांमधून वाळलेलं गवत बाहेर आलेलं.

बेनापोलला एक क्लिअरिंगवाला ओळखीचा आहे, त्याला आज फोन लावतो. खर्चीवाले, त्यालाच सुताचंही विचारतो. नंबर लागला तर संध्याकाळी लिहितो.